लाटांच्या मर्जीने: आओमोरीतलं फुरोफुशी ओनसेन

पहिला दिवस

टोकियोहून जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरीच्या पश्चिम किनाऱ्यावर जायचं तर अख्खा दिवस प्रवासाला द्यावा लागतो. तो खुशाल द्यावा, कारण या प्रवासातला अर्धा आनंद रुळांवरच आहे. दिवाळीसाठी आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. आम्ही राहतो त्या निशी-कासाईत आपली माणसं भरपूर, त्यामुळे दिवाळी तिथेही उत्तम झाली असती. पण आई राजापूरची. उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर न्हायला जाण्यात तिचं लहानपण गेलेलं. जपानमधलं एकच ठिकाण तिला दाखवायचं तर ते समुद्राकाठचं ओनसेन, म्हणजे गरम झऱ्याचं स्नानस्थळ, हे माझं केव्हाच ठरलं होतं.

सकाळी साडेसहाच्या सुमाराची ‘कोमाची’ शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) पकडली. मोरिओकापर्यंत ही लाल गाडी हिरव्या ‘हायाबुसा’ला जोडून धावते. तिथे दोघी वेगळ्या होतात आणि कोमाची वेग उतरवून डोंगरांतून अकिताकडे वळते. ओमागारीला गाडीची दिशाच बदलते. शेवटचा अर्धा तास सगळा डबा उलट्या तोंडाने प्रवास करतो, पण खुर्ची फिरवायला कुणी उठत नाही. आईला हे फार आवडलं. सगळ्यांना एकसारखी गैरसोय असली की कुणाची तक्रार नसते, असं तिचं म्हणणं.

अकिताला ‘रिसॉर्ट शिराकामी’त बसलो. गोनो मार्गावरून धावणारी ही खास गाडी. मोठाल्या काचा, ऐसपैस खुर्च्या आणि सगळ्या जागा आरक्षित. तिकिटं महिनाभर आधी निघतात आणि समुद्राच्या बाजूच्या ‘ए’ जागा लगेच संपतात, म्हणून त्यांच्यावर डोळा ठेवून असावं. हिगाशी-नोशिरो ते कावाबे हा १४७ किलोमीटरचा मार्ग १९३६ मध्ये पूर्ण झाला. त्याचा बराचसा भाग समुद्राला इतका चिकटून जातो की खिडकीतून खाली पाहिलं तर रूळ दिसत नाहीत, खडकच दिसतात.

त्याआधी नोशिरोला गाडी थांबते. या गावातल्या शाळेचं बास्केटबॉलमध्ये देशभर नाव, म्हणून फलाटावरच बास्केट उभारली आहे. प्रवाशांनी उतरावं, चेंडू टाकावा, गेला तर छोटं बक्षीस घ्यावं. आमच्या डब्यातल्या एका आजोबांनी टाकलेला चेंडू थेट जाळीत पडला आणि अख्ख्या फलाटाने टाळ्या वाजवल्या.

इवादाते मागे पडलं आणि समुद्र आला. चालकाने गाडी मुद्दाम हळू केली. आकाश राखी, पाणी त्याहून गडद, आणि लाटा खडकांवर आपटून पार वर उडत होत्या. आई काचेला नाक लावून बसली होती. “वारा पश्चिमेचा आहे,” एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ मला तासाभराने कळला.

वेस्पा त्सुबाकियामा या छोट्या स्थानकावर उतरलो. सराईची बस उभीच होती, पाचेक मिनिटांत कोगानेझाकीच्या टोकावर पोहोचलो. फुरोफुशी म्हणजे म्हातारपण नाही आणि मरणही नाही, असं या पाण्याचं जुनं नाव. आसपास गाव नाही, दुकान नाही. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला जपानचा समुद्र आणि मध्ये ही सराई. स्वागतकक्षातल्या बाईंनी खूप वाकून सांगितलं की लाटा मोठ्या असल्यामुळे बाहेरचं समुद्राकाठचं कुंड आज बंद आहे.

ज्या कुंडासाठी इतक्या लांब आलो तेच बंद! माझं तोंड उतरलं. आईचं मात्र नाही. “उधाणात खाडीत कुणी होडी घालतं का? उद्या बघू,” असं म्हणून ती चपला काढून आत गेली. खोलीत दारामागे त्सुनामी आली तर कोणत्या वाटेने वर पळायचं याचा नकाशा लावला होता. २६ मे १९८३ रोजी भर दुपारी या समुद्रात भूकंप झाला आणि लाटांनी अकिता-आओमोरीच्या किनाऱ्यावर शंभराच्या आसपास माणसं नेली. त्यात सहलीला आलेली शाळकरी मुलंही होती. तो नकाशा वाचल्यावर बंद कुंडाबद्दल कुरकुर करावीशी वाटली नाही.

संध्याकाळी आतल्या स्नानगृहात गेलो. ओनसेनला पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या बायकांच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही: हो, कपडे सगळे काढायचे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. हातात एक छोटा पंचा, तोही पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, कारण कुंड मळ काढायला नाही, नुसतं बसायला आहे. आई दारात थबकली. मी घाई केली नाही. आत तीन-चार म्हाताऱ्या होत्या, कुणी मान वर करूनही बघितलं नाही. हे न बघणं या लोकांना फार छान जमतं. दोन मिनिटांत आई माझ्याआधी स्टुलावर बसलेली होती.

कपडे बदलायच्या जागी भिंतीवर पाण्याचा तपासणी तक्ता होता. १९४८ च्या कायद्यानुसार उगमाशी पाणी किमान २५ अंशांचं असेल किंवा त्यात ठरलेल्या द्रव्यांपैकी एखादं पुरेसं असेल, तरच त्याला ओनसेन म्हणता येतं. इथलं पाणी उगमाशी पन्नास अंशांच्या आसपास, मिठाने भरलेलं आणि लोहयुक्त. जमिनीतून येताना ते नितळ असतं. हवा लागली की लोह गंजतं आणि पाणी तांबूस-तपकिरी होतं. कुंडात पाय टाकला की घोट्याखालचं काही दिसत नाही. जिभेवर थेंब पडला तर खारट, आणि मागून लोखंडाची चव. मिठामुळे अंगावर पातळ थर बसतो, म्हणून बाहेर आल्यावरही तासभर ऊब टिकते. पण हेच पाणी दमवतंही फार. दहा मिनिटं बसावं, बाहेर येऊन पाणी प्यावं, मग पुन्हा जावं.

जेवणात जवळच्या फुकाऊराचा ट्यूना, ताजं माकूळ, शंखातच सोयासॉस घालून निखाऱ्यावर भाजलेले साझाए, म्हणजे समुद्री गोगलगाई, आणि इथल्या गाजरांची गोड भाजी. ही गाजरं बर्फाखाली मुरवून काढतात. आईने प्रत्येक माशाची चव घेतली आणि काटे ताटात एका रांगेत लावून ठेवले. शाकाहारी मंडळींनी मात्र खोली घेतानाच स्पष्ट कळवावं, कारण साध्या दिसणाऱ्या सुपातही सुक्या बोनितो माशाचा अर्क असतो. ऐनवेळी सांगितलं तर आचाऱ्याचीही पंचाईत आणि आपलीही.

दुसरा दिवस

नरक चतुर्दशी. आईने बॅगेतून तेलाची बाटली, उटण्याची पुडी आणि मोती साबण काढला. तिचा हा बेत मला ठाऊक होता, म्हणून रात्रीच मी स्वागतकक्षात विचारून ठेवलं होतं. कुंडाबाहेर, धुवायच्या जागी, थोडंसं चालेल, नंतर जागा नीट धुवून ठेवा, असं उत्तर मिळालं. तेल खोलीतच लावलं. अगदी बोटभर, टाळूला आणि हातापायांना.

पहाटे पाचला स्नानगृह जवळजवळ रिकामं होतं. बाहेर अंधार, आत वाफ. मी आईच्या पाठीला उटणं लावलं, तिने माझ्या. आंबेहळद, नागरमोथा आणि कचोऱ्याचा तो वास लोखंडाच्या वासात मिसळला आणि मला एकदम भरून आलं. घर सोडून इतकी वर्षं झाली, या दिवशी आईच्या हातचं उटणं लागलंच नव्हतं. “कारीट तेवढं राहिलं बघ,” आई म्हणाली. अंगठ्याखाली कारीट फोडल्याशिवाय तिची चतुर्दशी पुरी होत नाही.

शेजारच्या स्टुलावर एक आजी येऊन बसल्या. नोशिरोच्या, दर शरद ऋतूत इथे येणाऱ्या. हा वास कसला, असं त्यांनी विचारलं. आज आमच्याकडे उजाडायच्या आत सुगंधी स्नान करायचा सण असतो, असं मी सांगितलं. मग इथे येऊन फार योग्य केलंत, असं त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष आईच्या उजव्या गुडघ्याकडे गेलं. चार वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचा उभा व्रण आहे तिथे. आजींनी काही न बोलता आपला डावा गुडघा पुढे केला. अगदी तसाच व्रण, तेवढाच लांब. दोघी आधी हसल्या आणि मग गुडघा किती वाकतो ते एकमेकींना करून दाखवू लागल्या. जिना चढताना कसं, उतरताना कसं, थंडीत कसं, सगळं खुणांनी. मी दुभाषी म्हणून बसले होते, पण माझी कुणाला गरज पडली नाही.

न्याहारीनंतर फलक बघितला. वारा पडला होता, पण बाहेरच्या कुंडाचा निर्णय दुपारी होणार होता. तोवर आम्ही गाडीने जुनिकोला गेलो आणि तिथून बसने वर जंगलात. १७०४ च्या भूकंपात इथला डोंगर कोसळला, ओढे अडले आणि तळी तयार झाली. आहेत तेहतीस, पण वरच्या कड्यावरून बारा दिसतात, म्हणून नाव बारा तळी. त्यातलं आओइके बघायला लोक येतात. तळं लहानसंच, नऊएक मीटर खोल, आणि रंग शाईसारखा निळा. तळाशी पडलेले बीच या झाडाचे ओंडके स्वच्छ दिसतात. ऊन डोक्यावर असतानाच जावं, कारण सावली आली की निळा रंग काळपट होतो.

तळ्याच्या पुढे लाकडी पायऱ्या चढल्या की बीचचं जंगल लागतं. हा शिराकामी पर्वतरांगेचा पायथा. रांगेतलं सुमारे १७ हजार हेक्टर जंगल १९९३ मध्ये जागतिक वारसा ठरलं, याकुशिमा बेटासोबत, जपानमधला पहिला नैसर्गिक वारसा म्हणून. पानं पिवळी-तांबूस झाली होती आणि वाट त्यांनी मऊ केली होती. आई पायऱ्या चढली नाही. खालच्या चहाघरात झऱ्याच्या पाण्याचा माच्चा, हिरवा चहा, पीत बसली. मी एकटीच अर्धा तास फिरून आले. जंगलाबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, पण माझा जीव कुंडात अडकला होता.

परतलो तर फलकावर लिहिलं होतं: बाहेरचं कुंड सुरू, सूर्यास्तापर्यंत.

दिवसापुरते येणारे पाहुणे दुपारीच निघून जातात. सूर्यास्ताची वेळ मुक्कामी माणसांची. इथे येऊन दोन तासांत परत जाणारे बरेच आहेत, गाडीच्या वेळेत तेवढंच बसतं. पण या जागेचा समुद्र वेळापत्रकावर चालत नाही. काल आम्ही फक्त तेवढ्याच वेळासाठी आलो असतो, तर बंद फलक वाचून परत गेलो असतो. दोन रात्रींचा मुक्काम चैन वाटत असेल, पण माझ्या मते इथे तोच खरा हिशेब आहे. एक रात्र समुद्राच्या नावाने सोडायची.

आत अंग धुऊन, युकाता हा सुती झगा घालून निघालो. बाहेर धुवायची सोय नाही. युकाताची डावी बाजू वर आली पाहिजे, उलट नेसवतात ते मृतांना. आईची बाजू उलटी पडली होती, ती वाटेत भेटलेल्या सेविकेने हळूच सोडून परत बांधून दिली. इमारतीतून बाहेर पडून खडकांमधल्या वाटेने समुद्राच्या अगदी कडेला जायचं. तिथे दोन कुंडं आहेत: एक भोपळ्याच्या आकाराचं, स्त्री-पुरुष दोघांसाठी, ज्यात बायकांना अंगावर घालायला वस्त्र भाड्याने मिळतं, आणि आडोशापलीकडे एक फक्त बायकांचं. आम्ही दुसऱ्यात उतरलो.

कुंडाची कड तांबूस, गंजाचा जाड थर बसलेली, हाताला खरखरीत. त्या कडेपलीकडे चार पावलांवर खडक आणि मग थेट समुद्र. मध्ये भिंत नाही, कठडा नाही. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की डोळे लाटांच्याच उंचीवर येतात. वारा चेहऱ्याला थंडगार, खाली अंग भाजत असलेलं. अधूनमधून एखादी लाट खडकावर फुटायची आणि तिचे गार शिंतोडे खांद्यावर पडायचे. प्रत्येक वेळी आई “आई गं” म्हणायची आणि पुढच्या लाटेची वाट बघायची.

पाच वाजायला थोडा वेळ असताना सूर्य ढगांच्या खालच्या फटीतून बाहेर आला. समुद्र तांबडा झाला, कुंडातलं पाणी होतंच तांबडं. सकाळच्या आजीही येऊन बसल्या होत्या. तिघीचौघी बायका, सगळ्यांचे चेहरे पश्चिमेला, बोलत कुणीच नव्हतं. आईने पाण्यातूनच हात जोडले. आजींनीही जोडले. कॅमेरा आणायला इथे बंदी आहे, आणि ती फार चांगली गोष्ट आहे. हातात फोन असता तर मी त्या पाच मिनिटांतली तीन चौकट जुळवण्यात घालवली असती.

सूर्य बुडताच बाहेर पडायचं. रात्री खोलीचा दिवा मालवून खिडकीशी बसलो. अमावास्या जवळ आलेली, चंद्र नाही. क्षितिजावर माकूळ पकडणाऱ्या बोटींचे पांढरेफटक दिवे लागले होते, एका ओळीत. “आज त्यांचीपण दिवाळी,” आई म्हणाली.

तिसरा दिवस

पहाटे पुन्हा एकदा बाहेरच्या कुंडात. सूर्य इथे पाठीमागच्या डोंगरातून उगवतो, त्यामुळे उजेड आधी लांब समुद्रावर पडतो आणि मग किनाऱ्याकडे सरकत येतो. त्यानंतर निघायची गडबड.

दुपारच्या गाडीला वेळ होता, म्हणून आधीच फुकाऊरा गावात जाऊन एंगाकुजी हे देऊळ बघितलं. ते चुकवू नका, असं मी आग्रहाने सांगेन. एदो काळापासून मेजी काळापर्यंत, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत, ओसाका आणि होक्काइदो यांच्यामध्ये ‘कितामाएबुने’ ही व्यापारी जहाजं या किनाऱ्याने ये-जा करत, आणि वारा अनुकूल होईपर्यंत फुकाऊराच्या बंदरात थांबून राहत. भर समुद्रात वादळ गाठलं की खलाशी आपली शेंडी कापून देवाचा धावा करत. वाचले तर ती शेंडी फळीवर लावून या देवळात वाहत. त्या फळ्या अजून आहेत. लाकडावर ओळीने बांधलेले काळे केसांचे झुबके, कुणाचे दाट, कुणाचे विरळ. शेजारी जहाजांची चित्रं. आई एका फळीपुढे बराच वेळ उभी होती. तिचे आजोबा मचव्यावर तांडेल होते, एकदा देवगडच्या पुढे आठ दिवस त्यांचा पत्ता नव्हता, ही गोष्ट तिने मला तिथे पहिल्यांदा सांगितली. आजवर कधी विषयच निघाला नव्हता.

फुकाऊराहून पुन्हा रिसॉर्ट शिराकामी. वाटेत तोदोरोकी स्थानक मागे पडलं, समुद्रासमोर एकटं लाकडी घर. सेन्जोजिकीला गाडी पंधरा मिनिटं थांबते, खास खडक बघायला. १७९२ च्या भूकंपात समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि हे विस्तीर्ण सपाट खडक उघडे पडले. त्सुगारू या इथल्या प्रांताच्या सरदाराने त्यांवर हजार तातामी चटया अंथरून मेजवानी केली, अशी आख्यायिका सांगतात. निघायची वेळ झाली की चालक भोंगा वाजवतो आणि सगळे धावत परत येतात. आई धावली नाही, पण चालली मात्र भराभर.

आजिगासावानंतर गाडी समुद्र सोडते. पुढच्या डब्यात दोन वादकांनी त्सुगारू शामिसेन, तीन तारांचं इथलं वाद्य, सुरू केलं आणि ध्वनिक्षेपकावरून ते सगळ्या गाडीभर ऐकू आलं. नखीचा आघात तारेवर आणि कातड्यावर एकदमच पडतो, त्यामुळे सूर आणि ताल एकाच हातातून निघतात. बाहेर सफरचंदांच्या बागा, लालभडक फळांनी वाकलेल्या, आणि त्यांच्या मागे इवाकी पर्वत, १,६२५ मीटरचा, एकटा उभा.

शिन-आओमोरीला गाडी बदलायला वेळ होता. आईने फलाटावरूनच राजापूरला मावशीला व्हॉट्सॲपवर फोन लावला. शिंकान्सेन, निळं तळं, शामिसेन, मी मनात यादी करत होते. आईने सुरुवात केली ती अशी: “अगो, तिथे एक बाई भेटली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. मांडी घालून बसते! पुढच्या वर्षी तू पण चल. पण दोन रात्री राहायचं, एका रात्रीत काही होत नाही.”